लेकराचं वय आणि खोलीचं भाडं

एसटीत लेकराच्या तिकिटावरून फारसा वाद होत नाही. पाच वर्षांच्या आतलं फुकट, पुढे बारापर्यंत अर्धं, हे निलंग्याच्या स्टँडवर बसलेल्या आजीलाही पाठ असतं. रेल्वेचंही ठरलेलं आहे. पाच ते बाराच्या आतल्या मुलाला वेगळा बर्थ नको असेल तर अर्धं भाडं, हवा असेल तर 2016 पासून पूर्ण. मुक्कामाच्या खोलीला मात्र असा सगळीकडे चालणारा नियम नाही. लेकरू एका लॉजवर पाचव्या वर्षी मोठं होतं, दुसऱ्यावर आठव्या, तिसऱ्यावर बाराव्या.

आपल्याकडच्या लोकांना हे पटकन लक्षात येत नाही, कारण आपला मुक्काम बहुतेक देवाच्या दारीच झालेला असतो. शेगाव, अक्कलकोट, पंढरपूरच्या भक्तनिवासात भाडं खोलीचं असतं. कडेवरचं पोर तिथं कुणी मोजत बसत नाही. कोकणातल्या घरगुती निवासात हिशेब वेगळा. तिथं राहणं-जेवण धरून दर माणशी पैसे लागतात, आणि मग लेकरू हे माणूस आहे की अर्धं माणूस, हा प्रश्न उभा राहतो.

आमच्या बाबतीत तो रात्री काउंटरवर उभा राहिला. फोनवर मी स्पष्ट सांगितलं होतं, दोघं मोठे, एक मुलगी सात वर्षांची, मुलगा चार वर्षांचा. "चालेल, या," असं उत्तर आलं, अर्धे पैसे मोबाइलवरून पाठवले. पोचलो तेव्हा मुलगा खांद्यावर झोपलेला, बॅगा गाडीतून उतरवलेल्या, आणि बिलात मुलीचे निम्मे पैसे, मुलाच्या गादीचे वेगळे, वर दोघांच्या नाश्त्याचे. निलंग्याहून दिवसभर गाडीत बसून आलेलं कुटुंब अशा वेळी परत फिरत नसतं, हे समोरच्यालाही माहीत असतं. मिस्टर म्हणाले, देऊन टाक, लेकरं पेंगुळलीत. मी एवढंच विचारलं, कोणते पैसे कशाचे, ते कागदावर मांडून द्या. मांडायला बसल्यावर मुलाची गादी खोलीत टाकलेलीच नाही, हे मॅनेजरच्याच ध्यानात आलं. तो माझ्याजवळ झोपणार होता. गादीचे पैसे गेले, त्याच्या नाश्त्याचेही गेले. मुलीचे राहिले, आणि ते रास्तच होते. दोन्ही वेळचं ताट, सोलकढीसकट, ती मोठ्या माणसासारखं संपवते.

तेव्हापासून कुणी बाहेर निघालं की मी सांगते, पैसे पाठवायच्या आधी लेकरांची वयं लेखी कळवा. व्हॉट्सॲपवर एक ओळ पुरते, पण उत्तरात आकडा आला पाहिजे. "चालेल" म्हणजे लेकरू आणायला हरकत नाही, एवढंच. ते फुकट आहे असं कुणी म्हटलेलं नसतं. वयही पूर्ण झालेलं सांगा. आपल्याकडे पाचवा वाढदिवस झाला की आजी "सहावं चालूय" म्हणते, आणि पाच वर्षांपर्यंत मोफत अशी पाटी असलेल्या ठिकाणी त्या एका वाक्याचे पैसे पडतात. मोबाइलमध्ये आधार कार्डाचा किंवा जन्मदाखल्याचा फोटो असू द्या. वय चोरायचं मात्र मनात आणू नका. आपण पाच सांगितलं की पोरगं मागून ओरडतं, "आई, मी सात वर्षांचा आहे!"

ट्रॅव्हल एजंटच्या कागदावर सीडब्ल्यूबी आणि सीएनबी अशी अक्षरं दिसतील. पहिलं म्हणजे मुलाला वेगळा पलंग किंवा गादी, दुसरं म्हणजे आईबापाच्याच पलंगावर. दोन्हींच्या दरात बराच फरक असतो. सीएनबीत नाश्ता धरलाय का, हे वेगळं विचारावं लागतं. बारा वर्षांवरचं मूल बहुतेक ठिकाणी मोठं माणूसच धरतात, आणि तीनपेक्षा जास्त मोठी माणसं एका खोलीत घेत नाहीत अशी ठिकाणंही पुष्कळ आहेत. आठवीतला मुलगा आणि सासूबाई सोबत असतील तर दोन खोल्यांचा हिशेब घरीच करून निघा.

वेबसाइटवर खोली घेताना मुलांचा रकाना रिकामा ठेवला की दर कमी दिसतो. तो दर आपला नसतो. मुलांची संख्या आणि वयं भरली की खरा आकडा येतो, त्याचा स्क्रीनशॉट ठेवा. 30 नोव्हेंबर 2023 पासून ऑनलाइन विक्रीतल्या फसव्या क्लृप्त्यांवर केंद्र सरकारची बंदी आहे. आधी कमी किंमत दाखवून शेवटी वाढवणं आणि न विचारता बिलात एखादी सेवा घुसवणं, या दोन्ही त्यात येतात. पण अटींमध्ये मुलांसाठीचा आकार स्पष्ट लिहिलेला असेल, तर या नियमाचा आधार मिळत नाही. म्हणून त्या बारीक अक्षरांपाशी थोडं थांबावं.

जीएसटीची एक गंमत फार जणांना माहीत नसते. 22 सप्टेंबर 2025 पासून रोजच्या 7500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर 5 टक्के कर आहे, त्याहून जास्त भाड्याच्या खोलीवर 18 टक्के. जादा गादीचे पैसे खोलीच्या भाड्यातच मिळवले जातात. समजा दिवाळीच्या गर्दीत महाबळेश्वरला खोली 7200 ला मिळाली. कर 360 रुपये. त्यात 800 ची गादी घेतली की भाडं 8000 होतं आणि कर 1440. म्हणजे ती गादी पडली 1880 रुपयांना. एवढ्या भाड्याच्या खोलीत आपण कशाला राहतो म्हणा, पण सुट्टीत साध्या खोल्यांचे दरही कुठल्या कुठे जातात. अशा वेळी घरून एक सतरंजी आणि दोन चादरी नेलेल्या बऱ्या. फक्त जादा माणसाला परवानगी आहे ना, ते आधी विचारा. छोट्या घरगुती निवासाची वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणीची सहसा गरज नसते. तिथं कुणी जीएसटी म्हणून पैसे मागितले, तर नोंदणी क्रमांक छापलेलं पक्कं बिल मागा. बिलाचं नाव काढल्यावर कर अचानक माफ झालेला मी पाहिला आहे.

आणि रात्री काउंटरवर अडलातच, तर भांडू नका, लेकरं आधीच रडवेली असतात. कोणते पैसे कशाचे ते लिहून घ्या, पैसे रोख न देता मोबाइलवरून द्या आणि "आकार मान्य नाही" असा मेसेज तिथूनच टाकून ठेवा. दुसऱ्या दिवशी निवांत 1915 वर फोन करा. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, मराठीतही बोलता येतं. फोन करताना स्क्रीनशॉट, व्हॉट्सॲपवरची ती एक ओळ आणि बिल समोर ठेवा, कारण पहिला प्रश्न हाच येतो की आधी काय ठरलं होतं.