काकडीचा अर्क: गारवा खरा, गोरेपणा नाही

काकडीच्या जेलची बाटली उलटी करून मागचा बारीक मजकूर वाचावा. ‘क्युक्युमिस सॅटायव्हस फ्रूट एक्स्ट्रॅक्ट’ म्हणजेच काकडीचा अर्क. तो यादीत कितवा आहे, हे महत्त्वाचं. भारतात 2020च्या कॉस्मेटिक्स नियमांनुसार एक टक्क्याहून जास्त असलेले घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक त्यांच्यानंतर कोणत्याही क्रमाने आले तरी चालतात. काकडीचं नाव सुगंध आणि प्रिझर्व्हेटिव्हच्या आसपास सापडलं, तर ती नावापुरतीच असण्याची शक्यता मोठी.

अर्क बनवताना काकडी बहुधा पाणी आणि ग्लिसरीन किंवा ग्लायकॉल यांच्या मिश्रणात मुरवून गाळली जाते. अशी क्रीम लावल्यावर त्वचा मऊ लागते, ते बरंचसं ग्लिसरीनचं काम असतं. तेच ग्लिसरीन औषधाच्या दुकानात फार स्वस्तात मिळतं.

मग काकडी निरुपयोगी आहे का? मुळीच नाही. तिच्यात सुमारे 95 टक्के पाणी असतं. ते त्वचेवरून उडून जाताना उष्णता सोबत नेतं, म्हणून उन्हाने तापलेल्या चेहऱ्याला आराम पडतो. फ्रिजमधल्या चकत्यांनी डोळ्यांखालची सूज तात्पुरती उतरते, कारण थंडाव्याने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. काळी वर्तुळं मात्र रंगद्रव्यामुळे असतील तर तशीच राहतात.

‘क जीवनसत्त्वामुळे उजळपणा’ हा दावा तर अगदीच लंगडा. 100 ग्रॅम काकडीत ते जेमतेम 3 मिलीग्रॅम असतं. शिवाय काकडी किसली की पेशी फुटून अ‍ॅस्कॉर्बेट ऑक्सिडेज नावाचं विकर मोकळं होतं आणि आहे तेवढं जीवनसत्त्वही नष्ट करू लागतं.

काकडीच्या रसात लिंबू पिळण्याचा घरगुती सल्ला कृपया पाळू नये. लिंबाचा रस त्वचेच्या मानाने फार आम्ल असतो, आणि कागदी लिंबातली फ्युरोकुमरिन्स उन्हाशी संयोग होताच त्वचा भाजल्यासारखी करतात. मागे राहणारे तपकिरी डाग कित्येक आठवडे, कधी महिनोन्‌महिने जात नाहीत. ज्या डागांसाठी हा खटाटोप करायचा, त्यांत नव्यांची भर! रस काढून बाटलीत भरून ठेवणंही टाळावं. त्यात जंतू झपाट्याने वाढतात. ताजा लावावा, उरलेला फेकून द्यावा.

काकडी किंवा खरबूज खाल्ल्यावर ज्यांच्या ओठांना, घशाला खाज सुटते त्यांनी हे प्रयोग करू नयेत. इतरांनीही नवं उत्पादन आधी कोपराच्या आतल्या बाजूला, दिवसातून दोनदा, आठवडाभर लावून पाहावं. पुरळ उठलं तर धुऊन टाकून वापर थांबवावा.

वांगावर काकडी चोळत काही महिने घालवलेल्या स्त्रिया डॉक्टरांकडे उशिरा पोहोचतात, याचं वाईट वाटतं. गरोदरपणात किंवा गर्भनिरोधक गोळ्यांमुळे आलेला वांग उन्हाने गडद होतो, आणि काकडी ऊन अडवत नाही. त्यासाठी किमान एसपीएफ 30 असलेलं सनस्क्रीन चेहरा आणि मान मिळून दोन बोटांवर मावेल इतकं लावावं. बाहेर असताना ते दर दोन तासांनी पुन्हा लावावं. घाम पुसल्यावर तर लगेच.