कोरड्या आभाळाखाली चढलेली पेज

डिसेंबरातली दुपार, पावणेचारचा सुमार. आभाळात ढगाचा ठिपका नाही, पाऊस जाऊन दोन महिने झालेले. कर्जत तालुक्यात कडावजवळ पेज नदीच्या काठी आमच्या अकरावीच्या चौतीस मुलामुलींचा कॅम्प होता आणि त्यातली सहाजणं नदीच्या मधल्या कातळावर बसलेली होती. घोटाभर पाण्यातून, दगडांवर पाय ठेवत ती तिथवर गेली होती. खालच्या अंगाला एक मावशी कपडे धूत होत्या. त्यांनी अर्धवट धुतलेला पिळा बादलीत टाकला, बादली उचलून काठावर नेली आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पानी सुटलाय. पोरांना वर घ्या."

मला काहीच वेगळं दिसत नव्हतं. मग पाण्यावरून वाळक्या पानांचा आणि काटक्यांचा एक पट्टा सरकत आला. कोरड्या काठावरचा कचरा वाढतं पाणी आधी उचलतं, तोच हा. दहा-पंधरा मिनिटांत ज्या दगडांवरून मुलं गेली होती ते दिसेनासे झाले. काठाकडचं पाणी मांडीपर्यंत आलं आणि त्याला ओढ होती. मी आत पाय घातला तर पाणी मघापेक्षा स्पष्ट गार लागलं.

कॅम्पवरचे दोन तरुण दोर घेऊन धावले. दोर टाकायचा, मुलांनी धरायचा, आपण ओढायचं असा त्यांचा बेत. मावशींनी त्यांना अडवलं आणि पलीकडे बोट दाखवलं. कातळ आणि पलीकडचा काठ यांच्यामध्ये पाणी अजून गुडघ्याखाली होतं, आणि तिकडे प्रवाहही नव्हता. सगळा जोर आमच्या बाजूला होता. आपल्या माणसांकडे यावंसं वाटतं, म्हणून मुलं नेमकी त्या जोरात उतरायच्या बेतात होती. हाका पाण्याच्या आवाजात पोचेनात. एकीच्या गळ्यात शिट्टी होती. मी माझी वाजवली, तिने वर पाहिलं, आणि दोन्ही हातांनी मी त्यांना पलीकडे जायची खूण केली. हात हातात घालून सहाही जणं पलीकडच्या काठावर चढली. मग गावातून चालत, पुलावरून, एका टेम्पोत बसून दीड तासाने कॅम्पवर आली. कोणालाही खरचटलंसुद्धा नाही. ती दुपार सरळ पार पडली ती मावशींमुळे, आमच्या तयारीमुळे नाही. म्हणून हे लिहितोय.

पेजेला पावसाळ्यानंतरही पाणी असतं ते घाटमाथ्यावरून येतं. मावळात आंध्रा नदीवर ठोकरवाडीचं धरण आहे. त्याचं पाणी सह्याद्री फोडून, सुमारे पाचशे मीटर खाली, टाटांच्या भिवपुरी वीजघरात उतरवलं जातं. हे वीजघर १९२२ साली सुरू झालं. जनित्रं फिरवून झालेलं पाणी पेजेत सुटतं आणि पुढे उल्हासला मिळतं. आंध्रा ही इंद्रायणीची उपनदी. म्हणजे भीमा-कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जायचं पाणी इथे पश्चिमेला वळून कर्जतच्या राजनाला कालव्यातून उन्हाळी भात पिकवतं. जलविद्युत केंद्र हवं तेव्हा चालू-बंद करता येतं, त्यामुळे विजेची मागणी वाढली की ते जोरात चालवलं जातं आणि मागणी ओसरली की मंद होतं. नदी त्याप्रमाणे चढते-उतरते. आभाळ बघून नदीचा अंदाज बांधायची आपली सवय इथे कामाची नाही. कोलाडला कुंडलिकेवरचं राफ्टिंगही असंच वीजनिर्मितीनंतर सोडलेल्या पाण्यावर चालतं, पण तिथे पाण्याची वेळ सगळ्यांना माहीत असते. आमच्या कॅम्पवाल्यांनी "नदी गुडघाभर आहे" एवढंच सांगितलं होतं, आणि पाणी कधी सुटतं हे मीही विचारलं नाही. ती चूक माझी.

तर कॅम्प ठरवताना पहिला प्रश्न जेवणाचा नको, पाण्याचा हवा: काल किती वाजता चढलं, कुठवर आलं? आणि तो प्रश्न कॅम्पवाल्यासोबत काठावरच्या घरातही विचारा. वेळ रोज तीच असेल असं धरू नका. काठावर उतरलात की पाण्याच्या कडेला एक काठी रोवा आणि एका माणसाने फक्त तिच्याकडे लक्ष ठेवायचं. दगडांवरची ओली, शेवाळाची काळपट रेघ बघा. पाणी त्या रेघेच्या खाली असेल तर ते परत वर येणार आहे. मुलांच्या जोड्या लावा, प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी द्या, आणि एक शिट्टी म्हणजे थांबा, दोन म्हणजे बाहेर या, हे पाण्यात उतरण्याआधी ठरवा. आमचं ठरलेलं नव्हतं. लाइफ जॅकेट मोठ्यांच्या मापाची असली तर बारीक मुलाच्या डोक्यावरून ती निसटतात. खांद्याला धरून वर ओढून बघा, कानापर्यंत सरकलं तर ते बदला. पाण्यात अनवाणी कोणी नको, कारण पेजेच्या तळाशी फुटलेल्या बाटल्या आहेत. आम्ही दुसऱ्या दिवशी शंभर पावलांच्या काठावरून दोन पोती काच आणि प्लास्टिक उचललं. नदीवर येऊन दारू पिणाऱ्यांना आणि झाडाला स्पीकर टांगणाऱ्यांना मी भटके म्हणत नाही. पण "नदीकाठी राहणं म्हणजे काही ट्रेक नव्हे" असं म्हणणारे आमचे गडकरी मित्रही चुकतात. कोथळीगडाच्या पायऱ्या आपल्या जागी असतात. इथली वाट तासाभरात पाण्याखाली जाते.

राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार असे उपक्रम चालवणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. प्रमाणपत्र मागा. पावसाळ्यात मुलांना घेऊन या नदीवर जाऊच नका.

कर्जत लोकलने या. स्टेशनबाहेरून मुरबाड रस्त्याने कडाव दहाएक किलोमीटर. भिवपुरी रोड स्टेशनवर उतरू नका, वीजघराचं भिवपुरी तिथून लांब, घाटाच्या पायथ्याशी आहे. कडावात बालदिगंबर गणपतीचं देऊळ आहे, सकाळी जा. याच तालुक्यातल्या हिराजी पाटलांनी आणि माथेरानच्या भाई कोतवालांनी बेचाळीसच्या लढ्यात विजेचे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर दोघंही हुतात्मा झाले. मुलांना विजेच्या तारा दाखवून हे सांगता येतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला नदी परत घोटाभर होती. ती सहाजणं टेप घेऊन कातळापाशी गेली, यावेळी काठीजवळ एकाला बसवून. आदल्या दिवसाची ओल दगडावर अजून वाळलेली नव्हती. पाण्यापासून तिथपर्यंत मोजलं: एकाहत्तर सेंटिमीटर. शिट्टीवालीने तो आकडा आणि वेळ वहीत लिहिली आणि कपडे घेऊन आलेल्या मावशींना विचारायला गेली, आज किती वाजता.