आतड्यातल्या पिशव्या आणि आपला डबा



परिसर अभ्यासात पचनाचा प्रवास शिकवताना आपण तोंड, अन्ननलिका, जठर, लहान आतडे असं एकेक नीट समजावतो. मोठ्या आतड्यापाशी आलो की 'उरलेला भाग शरीराबाहेर टाकला जातो' म्हणतो आणि फळा पुसतो. मुलं खुसुखुसु हसतात, आपणही पुढच्या पाठाकडे वळतो. आजचा लेख त्या शेवटच्या साधारण दीड मीटरबद्दल आहे.

विषय निघायला कारण झालं. आमच्या ओळखीतल्या एका सेवानिवृत्त बाईंच्या पोटाचा सीटी स्कॅन झाला आणि रिपोर्टमध्ये 'डायव्हर्टिक्युलोसिस' असा शब्द आला. बाई घरी पोहोचायच्या आत नातेवाइकांची यादी तयार! पेरू बंद, टोमॅटो बंद, वांगं बंद, भेंडी बंद, तिळाची चटणी बंद, बी असलेलं काहीच नको. मग ताटात उरलं काय, तर मऊ भात, टोस्ट आणि साबुदाण्याची खिचडी. दोन महिन्यांत बाईंना तीन-तीन दिवस पोट साफ होईना आणि कुंथणं सुरू झालं. अशी 'बंद'ची यादी अनेक घरांत फिरते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी आजार समजून घेऊ. मेंदीचा कोन डोळ्यांसमोर आणा. आतली मेंदी सैल असेल तर हलक्या दाबाने रेघ उमटते. मेंदी दाटली की आपण जोर लावतो, आणि कोन जिथे कमकुवत असेल तिथे फुगतो. मोठ्या आतड्याच्या भिंतीतून रक्तवाहिन्या आत शिरतात, त्या जागा अशाच थोड्या कमकुवत असतात. आतला दाब वाढत राहिला की वयानुसार तिथे आतल्या अस्तराची छोटी पिशवी बाहेर डोकावते. तिला डायव्हर्टिक्युलम म्हणतात. नुसत्या पिशव्या असणं म्हणजे डायव्हर्टिक्युलोसिस. बहुतेकांना त्याचा आयुष्यभर काही त्रास होत नाही, दुसऱ्याच कारणाने तपासणी केली तेव्हा कळतं. पिशवीला सूज आली किंवा संसर्ग झाला की तो डायव्हर्टिक्युलायटिस. त्यात पोटात एका बाजूला सतत दुखतं आणि बहुधा तापही येतो. पाश्चात्त्य देशांत हे दुखणं सहसा डाव्या बाजूला खाली असतं. जपान-कोरियाकडे पिशव्या उजव्या बाजूला जास्त आढळतात, तेव्हा ते अपेंडिक्ससारखं वाटू शकतं.

आता बियांचं बघू. बी पिशवीत अडकते आणि मग ती सुजते, असं डॉक्टरमंडळीसुद्धा कित्येक वर्षं सांगत होती. ऐकायला पटतंही. पण अमेरिकेत 47,228 पुरुषांच्या आहाराची आणि आजारपणाची 18 वर्षं नोंद ठेवली गेली आणि 2008 मध्ये निष्कर्ष छापून आला. दाणे, बदाम-अक्रोडासारखा सुकामेवा, मक्याच्या लाह्या खाणाऱ्यांना हा त्रास जास्त झाला नव्हता. सुकामेवा आणि लाह्या जास्त खाणाऱ्यांत तो उलट थोडा कमीच होता. म्हणजे पेरू, टोमॅटो आणि तीळ यांच्यावरचा आरोप काही सिद्ध होत नाही. एखाद्याला एखादा पदार्थ खाल्ल्यावर खरंच त्रास होत असेल तर तो त्याने टाळावा, पण सरसकट बंदी नको. या बंदीत जाणारे पदार्थ बघा, ज्याने पोट साफ होतं नेमके तेच आहेत.

चोथ्याची गोष्ट कुठून सुरू झाली तेही सांगण्यासारखं आहे. डेनिस बर्किट नावाचे आयरिश शल्यचिकित्सक युगांडात बरीच वर्षं काम करत होते. इंग्लंडमध्ये नेहमी दिसणारे आतड्याचे कितीतरी आजार तिथल्या खेड्यांत जवळजवळ दिसत नाहीत, हे त्यांच्या लक्षात आलं. लंडनचे नील पेंटर यांच्यासोबत त्यांनी 1971 मध्ये लेख लिहिला आणि डायव्हर्टिक्युलर आजार हा आहारात चोथा कमी पडल्याचा आजार आहे असं मांडलं. पुढच्या वर्षीचा त्यांचा अभ्यास आपल्याला जास्त जवळचा, कारण त्यात शाळेची मुलं होती. खाल्लेलं बाहेर पडायला किती वेळ लागतो हे त्यांनी मोजलं. आफ्रिकेतल्या खेड्यांतल्या लोकांना साधारण दीड दिवस लागत होता, तर इंग्लंडच्या निवासी शाळेतल्या मुलांना तीन दिवसांहून जास्त! त्याआधी अशा रुग्णांना चोथा नसलेलं मऊ अन्न द्यायची पद्धत होती. पेंटर यांनी गव्हाचा कोंडा द्यायला सुरुवात केली आणि बऱ्याच जणांना आराम पडला.

पण गोष्ट इतकी सरळ राहिली नाही, आणि हेही पालकांना सांगायला हवं. 2012 मध्ये अमेरिकेतच दोन हजारांवर लोकांची दुर्बिणीने तपासणी झाली, त्यात भरपूर चोथा खाणाऱ्यांतही पिशव्या सापडल्या. चोथा कमी पडल्यानेच पिशव्या होतात हे आता तितक्या ठामपणे म्हणता येत नाही. वय, आनुवंशिकता, वजन, बैठं काम, धूम्रपान, लाल मांस, सतत घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या अशी बरीच कारणं पुढे आली आहेत. मात्र ज्यांच्या आहारात चोथा पुरेसा असतो त्यांना सूज येऊन दवाखान्यात जायची वेळ कमी येते, हे वेगवेगळ्या अभ्यासांत दिसलं आहे. पिशवी एकदा झाली की भाकरी खाऊन ती जात नाही. मल मऊ ठेवायचा आणि जोर लावायची वेळ येऊ द्यायची नाही, एवढं आपल्या हातात आहे.

मग खायचं काय? आपल्या नाशिक जिल्ह्यात राहणाऱ्याला यासाठी परदेशी ओट्सचा डबा आणायची गरज नाही. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरीकडे नागली आहे, येवला-नांदगाव-मालेगाव-सिन्नर पट्ट्यात बाजरी आहे. 100 ग्रॅम बाजरीत साधारण साडेअकरा ग्रॅम चोथा, नागलीत 11, ज्वारीत 10. आता गंमत बघा, न चाळलेल्या गव्हाच्या पिठातही 11 ग्रॅमच्या आसपासच असतो! म्हणजे पोळी वाईट नाही. बारीक चाळणीने कोंडा काढून टाकायची आपली सवय वाईट आहे. मैद्यात आणि पांढऱ्या तांदळात पावणेतीन ग्रॅमच्या आसपासच उरतो. अख्ख्या हरभऱ्यात 25, आणि पेरूत साडेआठ ग्रॅम. द्राक्षांचा जिल्हा म्हणून आपण मिरवतो, पण चोथ्याच्या बाबतीत द्राक्षं पेरूच्या जवळपासही येत नाहीत. मनुका मात्र भिजवून खाव्यात.

मोठ्या माणसाला दिवसाला साधारण 30 ग्रॅम चोथा लागतो. दोन भाकऱ्यांचे 10-11, एका मध्यम पेरूचे आठ-नऊ, वाटीभर मटकीच्या उसळीचे चार-साडेचार, बाकी भाजी-कोशिंबीर. झाला हिशोब. (हा बेरजेचा तक्ता चौथीच्या मुलांकडून करून घ्या, गणितही होतं आणि घरी चर्चाही होते.) आपल्या मिसळीतली मटकी चांगलीच आहे, अडचण सोबतच्या पावाची आणि वरच्या तर्रीची. उपवासाचा साबुदाणा म्हणजे नुसता स्टार्च, चोथा नावालाच. चतुर्थी, एकादशी, सोमवार आणि नवरात्र धरणाऱ्या घरात महिन्याचे कितीतरी दिवस साबुदाण्यावर जातात. रताळं, राजगिरा, दाण्याचा कूट, फळं ही उपवासालाच चालणारी आहेत, मग साबुदाण्याचाच आग्रह कशाला?

एकदम सगळं बदलू नका. आज पाव आणि उद्यापासून तीन भाकऱ्या केल्यात तर पोट फुगेल, गॅस होईल आणि 'मला भाकरी चालत नाही' असा शिक्का बसेल. पहिल्या आठवड्यात एका जेवणात बदल करा, दुसऱ्यात एक फळ वाढवा, असं महिनाभर चालू द्या. आणि पाणी! चोथा पाणी धरून ठेवतो म्हणून मल मऊ होतो. पाणीच नसेल तर मेंदी आणखी दाटणार. इसबगोल घेणाऱ्यांनी तर पूर्ण पेलाभर पाण्याशिवाय ते घेऊच नये. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी पाणी किती प्यायचं ते डॉक्टरांना विचारून ठरवावं. सोनामुखी असलेली चूर्णं रोज रात्री घेण्याची सवयही डॉक्टरांना न विचारता लावून घेऊ नये.

एक गोष्ट ठळक अक्षरात वाचा. वर लिहिलेला आहार दुखणं नसतानाचा आहे. सूज आलेली असताना, म्हणजे ताप आणि पोटात सतत दुखत असताना, सगळं उलट असतं. तेव्हा डॉक्टर काही दिवस पातळ किंवा चोथा कमी असलेलं अन्न देतात, पेज, मऊ भात, गाळलेलं वरण असं, आणि बरं वाटल्यावर हळूहळू नेहमीच्या जेवणावर आणतात. त्या वेळी 'भाकरी चांगली असते' म्हणून आजीला आग्रह करू नका. शौचातून रक्त जाणं, थंडी वाजून ताप, पोट कडक होणं, सतत उलट्या, कारण नसताना वजन घटणं यांपैकी काहीही दिसलं तर घरगुती उपाय बाजूला ठेवून लगेच दवाखाना गाठा. रक्त दिसलं की मूळव्याधच असेल असं स्वतः ठरवायचं नाही.

बद्धकोष्ठतेला आपलं रोजचं वागणंही कारण असतं. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या, अ‍ॅसिडिटीची काही औषधं, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध यांनी पोट बांधतं. शाळेत वाटतो त्या गुलाबी आणि निळ्या गोळ्याही लोहाच्याच. त्यांनी शौचाचा रंग काळपट होतो, हे पालकांना आधी सांगितलं तर घाबरून गोळ्या बंद होत नाहीत. पोट बांधतंय म्हणून स्वतःच गोळी सोडू नका, डॉक्टर मात्रा किंवा वेळ बदलून देतात. कमोड वापरत असाल तर पायाखाली छोटं स्टूल घ्या, गुडघे वर आले की जोर कमी लागतो. नाश्त्यानंतर आतडी आपोआप हलायला लागतात, ती पंधरा मिनिटं मोकळी ठेवा. आणि माझ्या भगिनींनो, शाळेत स्वच्छतागृह धड नाही म्हणून सकाळपासून पाणीच न पिणाऱ्या आपण किती जणी आहोत? मुख्याध्यापकांनी आणि शाळा व्यवस्थापन समितीने हा विषय सभेत घ्यायलाच हवा.

लहान मुलांना हा पिशव्यांचा आजार जवळपास होत नाही. पण शौच दाबून धरायची सवय लागते ती पहिली-दुसरीतच. मल आत थांबला की आतडं त्यातलं पाणी शोषत राहतं, तो कडक होतो, पुढच्या वेळी दुखतं, म्हणून मूल आणखी दाबून धरतं. काही दिवसांनी साचलेल्या कडक मलाच्या कडेने पातळ मल झिरपतो आणि चड्डीला डाग पडतात. घरचे समजतात जुलाब झाले, वर्गातली मुलं चिडवतात, आणि खरं दुखणं बद्धकोष्ठतेचं असतं. असं मूल वर्गात दिसलं तर रागावू नका, पालकांना बाजूला घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे पाठवा.

आपल्या शापोआच्या ताटाचाही हिशोब करून बघा. प्राथमिकला 100 ग्रॅम तांदूळ, 20 ग्रॅम डाळ-कडधान्य आणि 50 ग्रॅम भाज्या. तांदळातून पावणेतीन ग्रॅमच चोथा मिळतो, म्हणून त्या 20 ग्रॅममध्ये अख्खी मटकी, मूग, हरभरा जितका जास्त तितकं बरं, आणि भाज्यांचे 50 ग्रॅम खरोखर 50 असावेत. 2024 मध्ये चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवायचं शासनाने ठरवलं, ते मुलांच्या झोपेसाठी. पण घरून निवांत पोट साफ करून यायलाही त्याचा उपयोग होतो. पालकहो, तो वेळ मोबाइलला जाऊ देऊ नका.

आमच्या वर्गात दाराशी खिळ्याला एक लाकडी पट्टी टांगलेली आहे. जायचं असेल त्याने बोट वर करून सगळ्यांसमोर विचारायचं नाही, पट्टी घ्यायची, जाऊन यायचं, हात साबणाने धुवायचे आणि पट्टी परत अडकवायची. सुरुवातीचे आठ दिवस नवलाईने सगळेच जाऊन आले. आता दिवसाला चार-पाच जण जातात, आणि पट्टी नसली की बाहेर कोणीतरी आहे हे मलाही कळतं.