अंडं शिजतं, हात शिजत नाही



घरात अंडं आलं की आपण आधी कुणाला देतो? लहान लेकराला, गरोदर सुनेला, बाळंतिणीला, आजारातून उठलेल्या म्हाताऱ्या माणसाला. आदिवासी भागात अमृत आहार योजनेतूनही गरोदर मातांना आणि लहान मुलांना अंडी मिळतात. ते बरोबरच आहे. पण अंड्यातून होणाऱ्या जुलाब-तापाचा त्रासही याच माणसांना जास्त होतो. म्हणून आजचा पाठ अंडं आणि त्याच्या टरफलाबद्दल.

जंतू कुठं असतो?

साल्मोनेला नावाचा जंतू कोंबडीच्या आतड्यात राहतो. कोंबडी मात्र धडधाकट दिसते. विष्ठेतून तो टरफलाला लागतो. कधीकधी टरफल तयार व्हायच्या आधीच अंड्याच्या आतही गेलेला असतो. अशा अंड्याला वास येत नाही, रंग बदलत नाही. गावरान असो की पोल्ट्रीचं, काळजी सारखीच.

आपण अंडं पाण्यात सोडून बघतो. तरंगलं तर जुनं, बुडालं तर ताजं. ही पारख वयाची आहे, जंतूची नाही.

आणल्यावर लगेच धुवायचं का?

नाही. टरफलाला डोळ्यांना न दिसणारी हजारो छिद्रं असतात आणि त्यांवर एक नैसर्गिक पातळ थर असतो. धुतल्यावर तो थर जातो. गार पाण्यात धुतलं तर बाहेरची घाण छिद्रांतून आत ओढली जाऊ शकते. घाण लागली असेल तर कोरड्या फडक्याने पुसा आणि ते फडकं वेगळं ठेवा. धुवायचंच असेल तर फोडायच्या अगदी आधी, कोमट पाण्याने.

अंडी सावलीत, गार जागी, निमुळतं टोक खाली करून ठेवा. फ्रिज असेल तर दारात नको, आतल्या कप्प्यात ठेवा. एकदा आत ठेवलेली अंडी उगाच आत-बाहेर करू नका, त्यांना घाम सुटतो. टरफलावर पेन्सिलीने तारीख लिहा आणि जुनं अंडं आधी वापरा. तडकलेलं अंडं विकत घेऊ नका.

खुराड्यातली अंडी सकाळ-संध्याकाळ गोळा करा. भुसा कोरडा ठेवा. ओला झाला की बदला.

फोडताना

खरी चूक इथं होते. अंडं तव्यावर पडलं की आपण त्याच हाताने मिठाचा डबा उघडतो, कोथिंबीर घेतो, लेकराला भाकरीचा तुकडा देतो. अंडं तर तव्यावर शिजतं, पण हात शिजत नाही. हातावरचा जंतू तसाच डब्याला, कोथिंबिरीला, भाकरीला लागतो.

म्हणून हे पाच नियम:

१. मीठ, मिरची, कांदा, कोथिंबीर आधी काढून ठेवा. अंडं सगळ्यांत शेवटी फोडा.
२. प्रत्येक अंडं आधी वेगळ्या वाटीत फोडा. एक नासकं निघालं तर बाकीची वाचतात.
३. टरफलाचा तुकडा आत पडला तर स्वच्छ चमच्याने काढा. बोटाने किंवा टरफलाने नको.
४. फोडून झालं की लगेच साबणाने हात धुवा. वाटी, चमचा आणि ओटाही धुवा.
५. पांढरं आणि पिवळं दोन्ही घट्ट होईपर्यंत शिजवा. उकडताना पाण्याला उकळी आल्यावर १० ते १२ मिनिटं ठेवा.

ताकदीसाठी दुधात कच्चं अंडं घालून देण्याची पद्धत काही घरांत आहे. ती सोडून द्या. शिजवलेल्या अंड्यातली प्रथिनं कच्च्यापेक्षा जास्त अंगी लागतात. म्हणजे कच्चं देऊन ताकद वाढत नाही, धोका मात्र वाढतो.

उकडलेलं अंडं सोलल्यावर २ तासांच्या आत खा. डब्यात द्यायचं असेल तर टरफलासकट द्या आणि सोलायच्या आधी हात धुवायला सांगा.

टरफलाचं काय करायचं?

टरफलं ओट्यावर किंवा मोरीत पडू देऊ नका. माश्या तिथं बसतात आणि मग ताटावर येतात. झाकणाच्या डब्यात टाका.

टरफलात मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट असतं. ते वाया घालवू नका. १० मिनिटं उकळा, उन्हात वाळवा, तव्यावर भाजून बारीक कुटा. कुटताना नाकाला पदर लावा. ही भुकटी थोडी थोडी कोंबड्यांच्या खाद्यात घाला. अख्खी टरफलं कधी टाकू नका, कोंबडीला अंडी फोडून खायची खोड लागते. परसबागेत भुकटी मातीत मिसळा. ती हळूहळू विरघळते, लगेच गुण दिसणार नाही. माणसाने औषध म्हणून ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नये.

त्रास झालाच तर

जुलाब, पोटात कळा, ताप ही लक्षणं काही तासांपासून काही दिवसांपर्यंत कधीही दिसू शकतात. पुड्यावर लिहिलेल्या मापाच्या स्वच्छ पाण्यात ओआरएस करून घोट घोट द्या. बाळाचं अंगावरचं दूध बंद करू नका. शौचातून रक्त पडलं, ताप चढला, लघवी कमी झाली किंवा मूल मलूल पडलं तर घरी थांबू नका, दवाखाना गाठा. गरोदर बाईला त्रास झाला तर पहिल्याच दिवशी दाखवा.

बैठकीत बोलूया

- अंडं फोडल्यावर आपण पहिल्यांदा कशाला हात लावतो?
- आपल्या मोरीजवळ साबण आहे का?
- घरात कच्चं अंडं कुणाला दिलं जातं?

पुढच्या बैठकीपर्यंत एकच करून बघा: अंडं फोडलं की आधी साबण, मग बाकी सगळं.