मिलिमीटर की मीटर? दशांश किती?

प्रश्न : प्रोजेक्टसाठी २.४ गिगाहर्ट्झचा पॅच अँटेना सिम्युलेट करतोय. मापं कोणत्या एककात द्यावीत? दशांश स्थळं किती?
– अभियांत्रिकीचा विद्यार्थी, अंबाजोगाई (जि. बीड)

उत्तर : मिलिमीटर घ्या. या वारंवारितेला हवेतली तरंगलांबी १२५ मिमी, म्हणजे एफआर-४ बोर्डावर पॅचची लांबी साधारण २९ मिमी येते. आकडा टाकण्याआधी फाइलचं एकक तपासा. २९ हे मीटर धरलं गेलं, तर मॉडेल हजारपट मोठं होऊन मेश संगणकाला झेपणार नाही. एसटीएल फाइलमध्ये एकक साठवलेलंच नसतं, त्यामुळे ती आयात करताना जास्त जपा.

आता दशांश. लांबी ०.१ मिमीने बदलली की वारंवारिता सुमारे ८ मेगाहर्ट्झ सरकते. याउलट बोर्डाचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक ४.४ ऐवजी ४.५ निघाला, तर ती सुमारे २७ मेगाहर्ट्झ घसरते! तेव्हा दोन दशांश स्थळं पुरेत. पुढचे आकडे नुसती शोभा. त्यापेक्षा उत्तर स्थिर होईपर्यंत मेश बारीक करत जा.

मग आकडे जास्त अंकांनी साठवणारं ‘डबल प्रिसिजन’ कधी लागतं? नारायणगावजवळच्या खोडद इथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीची एकेक तबकडी ४५ मीटर व्यासाची आहे. सिंगल प्रिसिजनमध्ये जेमतेम सात अंक टिकतात. ४५,००० मिमीपाशी दोन लगतच्या आकड्यांत ०.००४ मिमीचं अंतर पडतं. तिथे बोर्डावरचं ०.०३५ मिमी जाडीचं तांबं नीट मांडता येत नाही. तुमच्या पॅचच्या मापांना ही अडचण नाही. तरी सोय असेल तर डबलच ठेवा.