विद्यार्थ्याचा निवारा आणि त्याचा हिशेब

शिक्षणाचा खर्च म्हणजे शुल्क आणि पुस्तके, असा समज सामान्यतः आढळतो. परगावाहून मोठ्या नगरात शिकावयास येणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत तो अपुरा ठरतो. सार्वजनिक विद्यापीठाच्या वार्षिक शुल्काहून त्याचे खोलीभाडे पुष्कळदा कितीतरी अधिक असते. म्हणून प्रवेश मिळणे आणि शिक्षण पुरे होणे, या दोहोंच्या मध्ये निवाऱ्याचा प्रश्न उभा असतो. दिल्लीचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे.

दिल्ली विद्यापीठाची स्थापना 1922 मध्ये झाली. त्या वेळी त्यात सेंट स्टीफन्स, हिंदू आणि रामजस ही तीनच महाविद्यालये होती. पुढे महाविद्यालये वाढली, 1973 मध्ये दक्षिण परिसर सुरू झाला. परंतु वसतिगृहे त्या प्रमाणात वाढली नाहीत. अनेक महाविद्यालयांना आजही स्वतःचे वसतिगृह नाही. ही उणीव भोवतालच्या वस्त्यांनी भरून काढली. फाळणीनंतर उत्तर परिसरानजीक किंग्जवे कॅम्प येथे निर्वासितांची मोठी छावणी होती. तिच्या आसपास ज्या वसाहती वसल्या, त्यांतील लहान भूखंडांवर कालांतराने मजल्यावर मजले चढले आणि वरच्या खोल्या विद्यार्थ्यांना भाड्याने दिल्या जाऊ लागल्या. कमलानगर, विजयनगर, मुखर्जीनगर या भागांत आज अशा खोल्या व ‘पेइंग गेस्ट’ निवास दाटीने आढळतात. मुखर्जीनगरात स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे तरुणही देशाच्या सर्व भागांतून येतात. मागणी वाढते, जागा मात्र तेवढीच राहते. भाडे चढण्याचे हे मुख्य कारण होय.

येथे स्वाभाविकपणे प्रश्न उद्भवतो : भाडेनियंत्रणाचा कायदा विद्यार्थ्याचे रक्षण करीत नाही काय? दिल्लीत असा कायदा 1958 पासून आहे. परंतु 1988 च्या दुरुस्तीने दरमहा 3,500 रुपयांहून अधिक भाड्याच्या जागा त्याच्या कक्षेबाहेर गेल्या. 1995 मध्ये नवा कायदा संमत झाला, पण तो अमलात आला नाही. केंद्राने 2021 मध्ये मान्य केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात निवासी जागेची अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक नसावी, अशी तरतूद आहे; मात्र राज्यांनी स्वीकारल्यावाचून ती बंधनकारक होत नाही. पेइंग गेस्ट म्हणून राहणाऱ्यास तर बहुधा भाडेकरूचे नव्हे, केवळ वापराच्या परवानगीचे हक्क मिळतात. सारांश, विद्यार्थ्याचा खरा आधार म्हणजे त्याच्या हातातील लेखी करार आणि पावत्या.

स्वस्त खोली कोणती, हे ठरविताना केवळ मासिक भाडे पाहणे ही नेहमीची चूक आहे. समजा, एक खोली परिसरापासून दूर असून तिचे भाडे 6,500 रुपये आहे. करार 11 महिन्यांचा असल्याने सुट्टीचे भाडेही द्यावे लागते. ते 71,500 रुपये होते. प्रत्यक्ष निवासाच्या 10 महिन्यांत प्रवासासाठी 12,000 आणि विजेसाठी 8,000 रुपये लागतात. दलाली अर्ध्या महिन्याची, म्हणजे 3,250 रुपये. एकूण 94,750 रुपये. अर्थात राहिलेल्या प्रत्येक महिन्यास 9,475 रुपये पडले. याउलट दुसरी खोली पायी जाण्याच्या अंतरावर असून विजेसह तिचे भाडे 8,000 रुपये आहे, दलाली नाही आणि भाडे 10 महिन्यांचेच द्यावयाचे आहे. तिचा खर्च 80,000 रुपये होतो. कागदावर महाग दिसणारी खोली वस्तुतः 14,750 रुपयांनी स्वस्त ठरली. शिवाय जाण्यायेण्याचा वेळ वाचला, तो निराळाच.

पैशाखेरीज आणखी दोन गोष्टी तपासणे आवश्यक आहे. पहिली सुरक्षितता. 27 जुलै 2024 रोजी दिल्लीतील ओल्ड राजेंद्रनगर येथे एका शिकवणी संस्थेच्या तळघरातील अभ्यासिकेत पावसाचे पाणी शिरून तीन विद्यार्थ्यांचा मृत्यू झाला. तळघर, एकच अरुंद जिना, गजांनी बंद केलेली खिडकी किंवा विजेच्या तारांचे उघडे जाळे दिसल्यास भाडे कितीही कमी असले तरी ती जागा नाकारावी. दुसरी गोष्ट नियमांची. वसतिगृहात परतण्याच्या वेळा मुलींसाठी अधिक कडक असल्याने ग्रंथालयाचा पुरेसा उपयोग करता येत नाही, ही तक्रार जुनी आहे. अशा बंधनांविरुद्ध 2015 मध्ये दिल्लीतील विद्यार्थिनींनी ‘पिंजरा तोड’ ही मोहीम सुरू केली.

पैसे देण्यापूर्वी विद्यार्थ्याने पुढील बाबी लेखी घ्याव्यात : भाडे आणि ते देण्याचा दिवस, अनामत किती आणि ती कधी परत मिळेल, विजेचा दर, जेवण किती वेळा, खोलीत किती जण राहतील, आणि खोली सोडण्यापूर्वी किती दिवसांची सूचना द्यावी लागेल. खोली ताब्यात घेताना भिंती, नळ, पंखा यांच्या स्थितीची नोंद करून तीवर घरमालकाची सही घ्यावी. अनामतीतून होणाऱ्या कपातीचे बहुतेक वाद एवढ्याने टळतात.

तथापि व्यक्तीच्या दक्षतेला मर्यादा आहेत. चांगला हिशेब करणारा विद्यार्थी उपलब्ध खोल्यांतील बरी खोली निवडू शकतो. नवी खोली तो निर्माण करू शकत नाही. ते काम विद्यापीठाचे व शासनाचे आहे. जागा वाढवून वसतिगृहे वाढविली नाहीत, तर प्रवेशाचे दार उघडे राहते, पण आत शिरता येते ते ज्याला भाडे परवडते त्यालाच.