काजू आणि कुशल हात

काजूचे झाड पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणले. आज पेडणे व डिचोलीच्या डोंगरउतारांवर ते आपलेच होऊन गेले आहे. २०२३ मध्ये गोव्याच्या काजूला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण नाव टिकते ते कुशल हातांमुळे.

१) कलम बांधणे : चांगल्या झाडाची काडी कोवळ्या रोपावर बांधतात. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने निवडलेल्या जाती अशाच पसरल्या.

२) बी फोडणे : टरफलातील तेलाने कातडी भाजते. हात जपून अखंड गर काढणे ही कलाच आहे. गर तुटला की भाव उतरतो.

३) प्रतवारी : ‘३२०’ प्रतीचे गर एका पौंडात, म्हणजे ४५४ ग्रॅममध्ये, ३०० ते ३२० बसतात, ‘१८०’ प्रतीचे जास्तीत जास्त १८०.

काजू कारखान्यांत ही कामे बहुतांशी स्त्रिया करतात. त्यांच्यातूनच जी सर्व कामे शिकते, हिशेब ठेवते आणि नवख्यांना शिकवते, ती पुढे होते. नेतृत्व म्हणतात ते हेच.

आपल्या अनेक पालकांच्या काजूच्या बागा आहेत. मुले मात्र दुसरीकडे नोकरी शोधतात. बाग राहील, पण ती राखणार कोण? म्हणून शाळेच्या आवारात छोटी रोपवाटिका करून मुलांना कलम बांधायला शिकवावे, असे आम्ही विश्वस्तांना सुचवतो.

स्वाध्याय : दोन्ही प्रतींच्या एका गराचे वजन काढा. मोठ्या गराला भाव जास्त का, ते घरी विचारा.